घशाला काही झालं नव्हतं

माझ्या घशाला काही झालं नव्हतं. गाठ नव्हती, सूज नव्हती, ऑपरेशन तर नव्हतंच. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली. कुणी विचारलं की मी गळ्याला हात लावून "आता बरंय" म्हणायचो आणि समोरच्यानं विषय बदलला की मला हायसं वाटायचं.

आता मी निवृत्त आहे, मुलगी सासरी नांदते आहे, लपवायला कारण उरलेलं नाही. तरी मी गप्पच बसलो असतो. पण मागं ओळखीतल्या एका तरुण शिक्षकानं मला विचारलं, सर, सकाळी शाळेची पायरी चढताना छातीत धडधडतं, हात गार पडतात, हे मला एकट्यालाच होतं का? मी त्याला चहा कमी करायला सांगितलं. घरी येऊन फार लाज वाटली. त्याला जे सांगायला हवं होतं ते इथं लिहितो आहे. आणि वाघमारे मॅडमबद्दल लिहिल्याशिवाय ते पुरं होणार नाही.

भोंग्यावरची शाळा

कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा मी बेंबळीच्या पलीकडच्या एका गावात मुख्याध्यापक होतो. एका संस्थेची शाळा, पाचवी ते दहावी, हाताच्या बोटावर मोजण्याइतके शिक्षक. मी मराठी शिकवायचो. ऑनलाइन शिकवा म्हणून सांगण्यात आलं, पण गावात धड रेंज नव्हती. फोन असला तर तो बापाच्या खिशात, आणि बाप रानात. तेव्हा मीच तोडगा काढला. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर भोंगा होता. खालच्या छोट्या खोलीत माईक घेऊन बसायचं आणि सकाळी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं शिकवायचं. पोरांनी आपापल्या ओसरीत बसून ऐकायचं.

कल्पना सगळ्यांना आवडली. सुरुवातीला मलाही मजा वाटली. धडा सुरू करण्याआधी मी भोंग्यावरून हजेरी घ्यायचो. एकेक नाव घेऊन थोडं थांबायचो, म्हणजे पोरानं घरातून "हजर" म्हणावं. मला ते ऐकू यायचं नाही, पण आसपासच्या गल्ल्यांतून पोरं खरंच ओरडायची, असं लोक सांगत. सोयाबीन खुरपणाऱ्या बायकासुद्धा धडा ऐकत. एक गावकरी पारावर मला म्हणाले, "सर, आमची म्हैस बी आता समास सोडवायलीय."

पण हळूहळू ते जड होत गेलं. वर्गात चूक झाली तर वर्गात राहते. इथं चुकलं की दुपारपर्यंत कुणी ना कुणी भेटून सांगायचं. समोर भिंत, भिंतीवर करवसुलीचा तक्ता, आणि मी त्या तक्त्याला कविता समजावून सांगतोय. कुणाला कळलं, कुणाला नाही, कोण जांभई देतंय, काही दिसत नाही. शिकवणं म्हणजे निम्मं चेहरे वाचणं असतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत तेव्हा समजलं. शिवाय रोजच्या पाठाचा फोटो संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा असे. विज्ञान शिकवणाऱ्या वाघमारे मॅडमचा तास माझ्यानंतर असायचा, म्हणून त्या माझा फोटो काढायच्या आणि मी त्यांचा. फोटोत मी हसताना दिसतो.

पुढं पुढं मी आधी पोचून माईक बंदच ठेवून बसायला लागलो. बटण दाबायला हात उचलत नसे. मॅडम दारात येऊन उभ्या राहायच्या. मग मी बटण दाबायचो. घरी मी बायकोवर, शोभावर, भाजीत मीठ आहे म्हणून चिडायचो आणि नाही म्हणूनही चिडायचो. फोन वाजला की तो उशीखाली सारायचो. झोप येत नव्हती. याला आजार म्हणतात हे मला माहीत नव्हतं. वय झालं, असं मी धरून चाललो होतो.

ते नाव

दहावीत अश्विनी नावाची मुलगी होती. अक्षर सुंदर, निबंध त्याहून सुंदर. हजेरीत तिचं नाव आलं की मी तिला हमखास काहीतरी बोलायचो. "अश्विनी, कालचा निबंध कुठाय? कुणाकडून तरी पाठवून दे." असं मी पुष्कळ दिवस बोलत राहिलो. निबंध येईना, म्हणून एकदा जरा रागावून बोललो, की हुशार पोरींनीच आळस केला तर कसं व्हायचं.

त्या दिवशी तिची आई ग्रामपंचायतीच्या दारात आली. आत आली नाही. पदर तोंडाला लावून तिथूनच म्हणाली, "सर, तेवढं तिचं नाव घेऊ नका. लई लागतंय."

अश्विनीचं लग्न होऊन गेलं होतं. घरातल्या घरात, पाच-पन्नास माणसांत, त्या काळात बरीच उरकली तसं. साऱ्या गावाला माहीत होतं. तिच्या मास्तरला माहीत नव्हतं. तो रोज सकाळी साऱ्या गावासमोर तिच्या आईला विचारत होता की तुझी पोरगी कुठंय. शाळा उघडी असती तर ती दोन दिवस दिसली नाही म्हणून मी घरी गेलो असतो, भांडलो असतो, कळवायचं तिथं कळवलं असतं. निदान असं मला वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी माईक सुरू केला, हजेरी घेऊ लागलो. दहावीच्या मुलींपर्यंत आलो आणि आवाज बंद झाला. घोगरा झाला, बसला, असं काही नाही. तोंड हलत होतं, वारा जात होता, आवाज नव्हता. मॅडम आत आल्या, माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाल्या, "मुलांनो, सरांना जरा ठसका लागलाय. आपण विज्ञान घेऊ." माझ्या आजारावरचं पहिलं पांघरूण त्यांनी घातलं, आणि तेही माझ्यासाठी.

खोकला

गरम पाणी, हळद, वाफारा सगळं झालं. आवाज आला नाही. धाराशिवच्या डॉक्टरांनी सोलापूरला जायला सांगितलं. तरुणपणी मी तंबाखू खायचो. जीपमध्ये तुळजापूरचा घाट उतरताना मी आणि शोभा एकमेकांकडं पाहत नव्हतो. दोघांच्याही मनात एकच शब्द होता.

सोलापूरच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तपासलं. मग मला म्हणाले, "खोका बरं." मी खोकलो. "अजून एकदा." पुन्हा खोकलो. ते म्हणाले, "खोकल्याला आवाज आहे, सर. म्हणजे आवाजाची पेटी शाबूत आहे. आता मला सांगा, शाळेत काय चाललंय?"

त्यांनी कागद पुढं केला. मी पेन हातात घेतलं आणि काही लिहायच्या आत रडायला लागलो. आवाज नसलेलं रडणं. वडील गेले त्यानंतर शोभानं मला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं की हा मनावरचा ताण आहे, ढोंग नाही, माणूस मुद्दाम करत नाही. त्याच इमारतीत मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, चार दिवस भरती करू. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि म्हणाली, "गाठ असती तर परवडलं असतं. लोकांना सांगता तरी आलं असतं."

तिच्यावर मी तेव्हा रागावलो नाही आणि आजही नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

वॉर्डातले दिवस

वॉर्डात सकाळी रक्तदाब, चहा, गोळ्या. मग एक ताई यायच्या, त्या आवाजाचा व्यायाम घ्यायच्या. आधी खोकायचं, मग खोकल्याला जोडून गुणगुणायचं, मग त्या गुणगुणण्यातून एखादं अक्षर काढायचं. जन्मभर पोरांना बाराखडी शिकवली आणि आता मी "म" म्हणायला शिकत होतो. संध्याकाळी मानसोपचाराचे डॉक्टर येऊन बसायचे. त्यांना मी लिहून सांगायचो. अश्विनीचं सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. त्याचं फार बरं वाटलं. त्याआधी सगळेजण मला उपायच सांगत होते.

शेजारच्या खाटेवर परंड्याचे एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. त्यांना झोप न येण्याचा त्रास होता, पण तोंड दिवसभर सुरू. मला म्हणायचे, "मास्तर, सुट्टे न्हाईत म्हणून गप बसलाव का?" मी हसायचो, आणि हसण्यालाही आवाज नसायचा. एकदा चहावाल्यानं कप ठेवताना विचारलं, "बिनसाखरेचाच ना?" आणि माझ्या तोंडून आलं, "साखर." फाटका आवाज, पण आवाज. कंडक्टर म्हणाले, "बघा, गोडासाठी तोंड उघडलं." शोभा डबा घेऊन दारात उभी होती. ती तशीच मागं वळून जिन्यात गेली आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसून आली.

ज्यांना हे असलं काही होतंय त्यांना मी एवढंच सांगेन की हे बरं होतं. माझं झालं. गोळ्या पुष्कळ दिवस घ्याव्या लागल्या, त्या लाज न बाळगता घ्या. लाजेनं माझं आजारापेक्षा जास्त नुकसान केलं, आणि ते नुकसान मी एकट्यानं भरलं नाही.

घरी जाताना

परतीच्या वाटेवर शोभा म्हणाली, लोकांना घशाची गाठ होती असं सांगायचं. आमच्या प्रीतीला तेरचं एक स्थळ बघून गेलं होतं, त्यांचा होकार यायचा होता. "मुलीचा बाप डोक्याच्या दवाखान्यात होता म्हटल्यावर कोण करील?" मी मान हलवली. बोलता येत असूनही मान हलवली, हे मला अजून आठवतं.

गाव फार चांगलं वागलं. ज्येष्ठमध, खडीसाखर, अडुळसा. एकानं रानातला मध आणून दिला. मी ते सगळं घेतलं. मी खोटा आहे हे मला प्रत्येक पुडी उघडताना कळत होतं.

खरी चूक त्याच्या पुढची. आवाज आला तरी माईकसमोर बसायची मला भीती वाटत होती. ते डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी काही केलं असतं. मी गावाला सांगितलं, "डॉक्टरांनी माईक वर्ज्य केलाय." झालं. माझे तासही वाघमारे मॅडमवर गेले. सकाळी भोंग्यावर विज्ञान, गणित आणि माझं मराठी, दुपारी फोन असलेल्या पोरांना फोनवर. त्यांचे यजमान पुण्यात कंपनीत, घरी सासूबाई आणि दोन लहान मुलं. मॅडम बारीक होत चालल्या. खोलीच्या दाराशी उभ्या राहून आत जायच्या आधी त्या थोडा वेळ डोळे मिटायच्या. मी ते पाहत होतो. त्याचा अर्थ ओळखू शकेल असा त्या गावात मी एकटाच होतो. मी त्यांचा फोटो काढायचो आणि ग्रुपवर टाकायचो.

ती सकाळ

मी पारावर बसलो होतो. भोंग्यावर प्रकाशाचं परावर्तन चाललं होतं. मॅडमनी मध्येच विचारलं, "समजलं का?" सवयीनं विचारतो तसं. मग थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "पोरांनो, कुणी ऐकतंय का?" परत थांबल्या. "कुणीतरी बोला. एकानं तरी बोला." आणि मग रडणं सुरू झालं. हुंदके, श्वास, नाक ओढणं, सगळं भोंग्यावरून, घराघरांत आणि पार रानापर्यंत. पारावरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी हसलं.

मी ग्रामपंचायतीपासून सगळ्यांत जवळ होतो. मी उठलो नाही. शेवटी शिपायानं जाऊन वायर ओढली.

दुपारपर्यंत गावात मॅडमच्या अंगात आल्याच्या गोष्टी सुरू झाल्या. माझ्या दारात मध आला होता, त्यांच्या दारात लिंबू येऊन पडलं. आई-बाप म्हणू लागले, असल्या बाईच्या हाती पोरं कशी द्यायची? त्यांचं आडनाव काहींना आधीपासूनच खुपत होतं, हेही लिहिलं पाहिजे. ते गाळलं तर मी पुन्हा अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

शाळा समितीची बैठक ठरली. मॅडमना संस्थेच्या भूमकडच्या शाखेत पाठवायचं, आणि तेही डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला आणल्यावरच, असं बोललं जात होतं. बैठकीच्या आधी त्या माझ्या घरी आल्या. शोभानं चहा ठेवला. मॅडमनी कपाला हात लावला नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमच्या घशाला काय झालं होतं, ते मला माहीत आहे. तुम्ही माईक बंद ठेवून बसायचात ना, तेव्हाच मला कळत होतं. मी कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही."

मी खाली पाहत होतो.

"बैठकीत एवढंच सांगा की असं होतं माणसाला. शिकवणाऱ्याला होतं आणि बरं होतं. तुमचं नावही घेऊ नका. तुम्ही बोललात तर ऐकतील. माझी मुलं इथं रुळलीयेत, सर."

मी म्हटलं, "बघतो."

त्या गेल्यावर शोभा बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचेही डोळे भरले होते. म्हणाली, "बाई चांगली आहे हो. पण तेरचा होकार आलाय. साखरपुडा होईपर्यंत तरी थांबा."

माझं वाक्य

बैठक शाळेतच झाली, अंतर ठेवून मांडलेल्या खुर्च्यांवर. अध्यक्षांना सगळे नाना म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना लवकर मिटवायचं होतं. मॅडम दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एकजण म्हणाला, आम्हालाबी ताण हाये, आम्ही भोंग्यावर रडतो का? दुसऱ्यानं दाखल्याचा विषय काढला. मग नाना माझ्याकडं वळले. "सर, तुम्ही वडीलधारे. तुमचा तर घसाच गेला होता. तरी तुम्ही कधी असं केलं का? तुम्हीच सांगा, काय समजायचं हे?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. मॅडमही. एक वाक्य पुरेसं होतं आणि ते त्यांनी मला तयार करून दिलं होतं.

मी म्हटलं, "माझं वेगळं होतं, नाना. माझं घशाचं होतं."

मॅडमकडं माझ्याविरुद्ध सांगण्यासारखं सगळं होतं आणि स्वतःला वाचवण्याची ती शेवटची वेळ होती. त्या नुसत्या हातातल्या रुमालाची घडी करत राहिल्या. मग पुढचा विषय निघाला.

त्या भूमकडं गेल्या. दाखलाही आणावा लागला. पहिलं वर्ष मुलं सासूबाईंजवळ गावातच ठेवून दोन बस बदलून जात-येत होत्या, असं कळलं. पुढं तिकडंच खोली केली. प्रीतीचं लग्न झालं. जावई भला निघाला. मागच्या दिवाळीत मी त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "पप्पा, मग काय झालं? माझ्या चुलत्यालाही होतं ते." शोभा उठून आत गेली. आम्ही दोघांनी ज्या भीतीपायी एका बाईचं घर हलवलं, ती भीती त्यानं एका वाक्यात निकालात काढली.

भूम

त्यानंतर काही दिवसांनी मी भूमला गेलो. बाजाराचा दिवस होता, बसमध्ये कोंबड्यांच्या टोपल्या आणि भाजीची गाठोडी. वाटभर मी एकच वाक्य जुळवत होतो: मॅडम, त्या बैठकीत मी खोटं बोललो, तुम्हाला जे झालं तेच आधी मला झालं होतं, मला माफ करा. ते पाठ केलं, विद्यार्थ्यांनी वक्तृत्वाचं भाषण करावं तसं.

शाळेत पोचलो तेव्हा त्यांचा सातवीचा तास सुरू होता. केस पिकले होते. आवाज पूर्वीपेक्षा बराच खाली आला होता. मागच्या बाकावरची मुलं पुढं वाकून ऐकत होती. मला पाहून त्या दारापर्यंत आल्या, वाकून नमस्कार केला आणि मला वर्गात नेलं. मुलांना म्हणाल्या, "हे माझे मोठे सर. यांच्या हाताखाली मी शिकवायला शिकले." मुलं उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, "सर, दोन शब्द बोला ना."

मी बोललो. अभ्यास करा, आई-वडिलांचं नाव काढा, असलं काहीतरी. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा झाला. त्यांनी शोभाची, प्रीतीची चौकशी केली. मोठा मुलगा बारावीला असल्याचं सांगितलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, ते तेव्हा..."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी बोललो असतो. त्यांनी वाट पाहिली, पुरेशी वाट पाहिली. मी म्हटलं, "तेव्हा तुम्ही माझे तास घेतलेत, त्याचे आभार मानायचे राहिले होते."

"त्यात काय, सर," त्या म्हणाल्या.

त्या स्टँडपर्यंत सोडायला आल्या. बस लागलेली होती. मी खिडकीशी बसलो, त्या खाली उन्हात उभ्या होत्या. गाडी सुरू झाली तशा एक पाऊल पुढं आल्या आणि म्हणाल्या, "सर, घशाला जपा."

मी म्हटलं, "हो, जपतो."